जिताडा आवाज देतो, पण लागत नाही: रात्री लुअरने गरवताना येणारा नेहमीचा बिघाड

"दादा, मासा आहे. आवाज येतोय. पण लागत नाही." रात्री खाडीवर लुअर, म्हणजे खोटं आमिष, घेऊन जाणाऱ्या पोरांचे मला फोन येतात ते बहुतेक याच तक्रारीचे. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, "कुठला रंग लावू?" कुंडलिकेच्या खाडीत आणि अलिबागच्या खारेपाटातल्या उघाड्यांवर (बांधातल्या झडपांवर) मी बरीच वर्षं रात्री जिताड्यामागे गरवतोय, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे धरतोय. रंग बदलल्याने हा बिघाड सुटला असं मी फार क्वचित पाहिलंय. दोष बहुधा लुअर पाण्यात पडण्याआधीच झालेला असतो. म्हणून खालच्या तपासण्या मी करतो त्याच क्रमाने दिल्यात. आधी ज्याला पैसा लागत नाही ते, खर्चाचं आणि कष्टाचं शेवटी.

आधी एक खुलासा. आपला जिताडा म्हणजे गोव्याचा चोणक, बंगालचा भेटकी आणि ऑस्ट्रेलियाचा बॅरामुंडी. त्याला आशियाई सी बास असंही म्हणतात, आणि घोटाळा या 'बास' शब्दाने होतो. मोबाइलवर बासचे जे व्हिडिओ दिसतात ते बरेचसे अमेरिकेतल्या गोड्या तळ्यातल्या बासचे असतात, आणि तो मासा अगदी वेगळा. त्या तळ्याला भरती-ओहोटी नाही, कांदळवन नाही, कालवांनी भरलेले खांब नाहीत. त्यातलं लुअर चालवण्याचं तंत्र जरूर शिका, पण वेळ आणि जागा आपल्या खाडीकडूनच शिकायला हवी.

लक्षणं

तुमची तक्रार यांपैकी कुठली, ते आधी ठरवा. प्रत्येकीचं मूळ वेगळं आहे.

एक: आजूबाजूला मासा मारतोय, बोई (जिताडा खातो ते छोटे मासे) पाण्याबाहेर उडतायत, पण तुमच्या लुअरकडे कोणी फिरकत नाही. उजेड, पायांचा आवाज आणि पाण्याची वेळ तपासा.

दोन: लुअरवरच 'भॉक' असा मोठा आवाज होतो, पण दोरीला वजन येत नाही. हा सगळ्यांत जास्त भेटणारा बिघाड. लुअरचा वेग आणि तुमचा हात तपासा.

तीन: लागतो, एक-दोन उड्या मारतो, डोकं झटकतो आणि सुटतो. गरी तपासा.

चार: लागतो आणि दोर तुटतो. लीडर (दोराच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा), गाठ आणि ड्रॅग (किती ओढीला रीलमधून दोर सुटतो ते) तपासा.

बॅटरी विझवा

फुकटातली तपासणी, आणि पहिल्या लक्षणातले निम्मे लोक इथेच सुटतात. कपाळाला लावलेली बॅटरी चालू ठेवून पाण्याकडे बघणं म्हणजे मासा असलेल्या जागेवर पहारेकरी उभा करणं. जिताड्याचा डोळा अंधारासाठीच बनलाय. उजेड पडला की तो लालसर चमकतो, हे रात्री होडीत बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. अचानक झोत पडला की काठाची बोई आणि कोळंबी पांगते, आणि ती पांगली की तिच्यामागे आलेला मासाही सरकतो.

तुमच्या डोळ्यांनाही अंधार सरावायला अर्धा तास लागतो. दर पाच मिनिटांनी पांढरा उजेड केलात तर तो अर्धा तास दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. गाठ मारायची असेल तर पाण्याकडे पाठ करा आणि मंद लाल दिवा वापरा. अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही.

पण धक्क्यावरचा किंवा पुलावरचा दिवा रोज तिथेच असेल तर गोष्ट उलटी. त्या उजेडात बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे कोळंबी, कोळंबीमागे बोई. जिताडा उजेडात येत नाही, सावलीच्या कडेला आत उभा राहतो आणि उजेडातून सावलीत शिरणाऱ्याला गिळतो. लुअर उजेडात टाका आणि त्या कडेवरून अंधारात आणा. बरीच माणसं उजेडाच्या मधोमध टाकून मधोमधच गुंडाळतात आणि मासा नाही म्हणून घरी जातात.

पाय जपून टाका

धक्क्यावर जिग हेड (वजन जडवलेली गरी) पाडणं, दगडी बांधावर टाच आपटत चालणं, होडीच्या फळीवर डबा सरकवणं. आपण हळू बोललो तर पाण्यात फार जात नाही, पण दगडाला किंवा लाकडाला बसलेला धक्का थेट पाण्यात उतरतो. माशाच्या अंगावर कडेने जी रेषा असते तिने तो पाण्यातली बारीक हालचाल ओळखतो. उथळ जागी पोचल्यावर मी दहा मिनिटं नुसता बसतो. लुअर बांधतो, ऐकतो, मासा कुठे मारतोय ते ठरवतो. पहिला टाका या दहा मिनिटांनंतरचा.

पाण्याची वेळ

पंचांग घरात असतंच, म्हणजे इथेही खर्च नाही. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या पट्ट्याला बसतो. दक्षिणेकडे, रत्नागिरी-मालवणला भरती थोडी आधी येते, तिथल्यांनी भरती-ओहोटीचा तक्ता बघावा. खाडीच्या तोंडापेक्षा आतल्या वळणांवर पाणी उशिरा फिरतं, हेही धरून चाला.

पाणी वाहत असलं पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप. जिताडा दबा धरून बसणारा मासा आहे. प्रवाह त्याच्या तोंडाशी खाणं आणून देतो. पाणी थांबलं की तोही थांबतो. आणि सगळ्यांत चांगली जागा म्हणजे उघाडी. जे खारेपाटातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: खाऱ्या पाण्यापासून भातशेती वाचवायला जो बांध घातलेला असतो, त्यातलं झडपेचं दार म्हणजे उघाडी. भरतीला झडप दाबली जाऊन बंद होते, सुकतीला, म्हणजे ओहोटी लागली की, आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासा वाहत येतो, आणि बाहेर जिथे धार मंद पडून भोवरा होतो तिथे जिताडा उभा असतो. धारेत नव्हे, धारेच्या कडेला.

म्हणून माझ्या आवडीच्या रात्री दशमी-एकादशीच्या. भरती संध्याकाळी उरकते आणि आठ-नऊपासून मध्यरात्रीपर्यंत सुकतीचं पाणी मिळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आमच्याकडे पाणी चार मीटरवर चढतं, गाळ उसळतो, लुअर चार बोटांवर दिसत नाही. मालवणकडे उधाणही दोन मीटरच्या आसपासच राहतं, तिथे हा त्रास कमी. उलट अगदी भांगाला (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी सगळ्यांत कमी असते तेव्हा) पाणी स्वच्छ असतं पण ओढ नसते. या दोन टोकांच्या मधले दिवस धरा.

थंडीतल्या काही रात्री समुद्राचं पाणी हलवलं की निळं चमकतं. दिसायला फार सुंदर, पण तेव्हा तुमची दोरीही पाण्यात निळी रेघ ओढते. अशा रात्री तोंडाशी न थांबता खाडीत आत, गोड्या पाण्याकडे सरकावं.

आवाजाला झटका देऊ नका

आता दुसरं लक्षण. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मी स्वतः सगळ्यांत जास्त मासे इथेच घालवले.

जिताडा चावत नाही. तो तोंड एकदम उघडतो, आत पोकळी होते आणि समोरचं पाणी खाण्यासकट आत खेचलं जातं. आपल्याला ऐकू येतो तो 'भॉक' त्या खेचण्याचा. आता विचार करा, तुमची दोरी ताणलेली आहे, रॉडचं टोक वर आहे, तुम्ही भराभर गुंडाळताय. मासा पाणी खेचतो, पाणी आत जातं, पण लुअर दोरीला बांधलेलं असल्यामुळे आत जात नाही. आवाज झाला, लुअर बाहेरच राहिलं. आणि तेवढ्यात दचकून तुम्ही झटका मारला असेल तर लुअर त्याच्या तोंडासमोरून उडून तुमच्या दिशेला येतं. गरी लागलेलं लुअर अंधारात अंगावर येणं किती धोक्याचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

मला हे एका म्हाताऱ्या नाखव्याने शिकवलं. त्याने लुअर आयुष्यात वापरलं नव्हतं, जिवंत कोळंबी लावून हातदोरीने गरवायचा. माझे तीन मासे एका रात्रीत गेल्यावर तो शेजारून म्हणाला, "आवाजाला हिसका नको देऊ, बाळा. वजनाला दे." त्या वाक्यानंतर माझं गरवणं बदललं.

करायचं ते असं. रॉडचं टोक खाली, लुअरच्या दिशेने ठेवा, म्हणजे मासा खेचेल तेव्हा हातभर दोर द्यायला जागा राहते. आवाज आला तरी हात त्याच वेगाने फिरत राहू द्या. दोरीवर ओलं पोतं अडकल्यासारखं वजन आलं की मग रॉड कडेला, आडवा ओढा. वर नाही. वर ओढलं की माशाला उडी मारायला तुम्हीच मदत करता. आणि आवाज होऊन लुअर सुटलं तर ते बाहेर काढू नका. थांबवा, दोन श्वास जाऊ द्या, पुन्हा हळू चालवा. पुष्कळदा तोच मासा परत येतो.

वेगाचंही हेच. दिवसा मासा डोळ्याने लुअर गाठतो, तेव्हा झटके, थांबे, पळवणं चालतं. रात्री तो अंगावरच्या रेषेने पाण्याची थरथर जाणून अंदाज बांधतो आणि लुअर पुढच्या क्षणी जिथे असेल तिथे तोंड उघडतो. तुम्ही मध्येच झटका दिला की त्याचा अंदाज चुकतो. म्हणून एकसारखं आणि हळू. साध्या रीलवर सेकंदाला हँडलचा एक फेरा, ओढ जोराची असेल तर त्याहून कमी. हाताला लुअरची थरथर जेमतेम लागेल इतकाच वेग. कंटाळा येतो, पण मासा याच वेगाला लागतो.

गरी नखावर ओढून बघा

तिसरं लक्षण, लागून सुटणं. गरीचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून सरकवा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. जिताड्याच्या तोंडाचा बराच भाग हाडाचा आणि टणक, बोथट गरी तिथे शिरतच नाही. खाऱ्या पाण्यात एक रात्र वापरून न धुता डब्यात टाकलेलं लुअर आठवड्यात गंजतं आणि बाकीच्यांनाही गंज लावतं. घरी आलं की गोड्या पाण्यात बुडवा, वाळवा.

स्वस्त लुअरबरोबर येणाऱ्या तिहेरी गऱ्या मोठ्या माशाला सरळ होतात. त्या काढून जाड तारेच्या लावा, किंवा मी करतो तशी एकेकच गरी लावा. एक गरी खोल रुतते, कांदळवनाच्या मुळांत कमी अडकते, आणि माशाला परत सोडणं सोपं जातं. फक्त गरी बदलल्यावर लुअर पाण्यात पूर्वीसारखं हलतंय ना, ते दिवसा उजेडात काठावर चालवून बघा. वजन बदललं की काही लुअर आडवी पडतात.

लीडर आणि ड्रॅग

जिताड्याला मोठे सुळे नसतात, पण जबडा घासपेपरसारखा खरखरीत असतो आणि गालावरच्या झाकणाची कड पातीसारखी धारदार. नुसता ब्रेड (विणलेला बारीक दोर) बांधला तर तो दोन उड्यांत कापला जातो. वावभर (दोन्ही हात पसरल्याएवढा) लीडर हवाच, 40 ते 60 पौंडांचा. पुलाखांबांवर कालवं असतील तिथे जाड बाजूचा. प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर लीडर ओल्या बोटांतून ओढा. खरखर लागली तर तेवढा कापून नवी गाठ मारा.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. दोर हातातल्या वजनकाट्याला बांधून ओढा. 30 पौंडांच्या ब्रेडला साडेतीन किलोच्या आसपास दोर सुटू लागला पाहिजे. लोक घाबरून पूर्ण आवळतात, मग गाठ, गरी किंवा रॉड यांतलं जे कच्चं असेल ते जातं.

आता लुअर

इथवरचं सगळं ठीक असेल तरच खिशात हात घाला. रात्री खालून वर बघणाऱ्या माशाला आकाश पाण्यापेक्षा उजळ दिसतं, आणि त्यावर गडद वस्तूची सावली स्पष्ट उमटते. म्हणून माझ्या डब्यात काळं, गडद जांभळं आणि तपकिरी एवढंच असतं, धक्क्याच्या दिव्याखाली वापरायला एक चंदेरी. रंगाचा विषय माझ्यापुरता इथे संपतो.

आकार आणि खोली मात्र महत्त्वाची. उघाडीबाहेर पाणी मीटर-दीड मीटरच असेल तर खोल डुबणारं लुअर चिखल नांगरतं. तिथे अर्ध्या मीटरवर चालणारा दहा-बारा सेंटीमीटरचा मिनो (लहान माशाच्या आकाराचं लुअर) सगळ्यांत भरवशाचा. पाणी गढूळ असेल तर आत गोळ्या खुळखुळणारा घ्या, माशाला आवाजावरून तो सापडतो. कांदळवनाच्या मुळांशी चार इंची, शेपूट हलवणारं सॉफ्ट प्लास्टिक, गरीचं टोक प्लास्टिकमध्ये लपवून. त्याला दहा ते चौदा ग्रॅमचं वजन पुरे. पॉपर (पाण्यावर आवाज करत चालणारं लुअर) आणि पाण्यावर चालणारी इतर लुअर फक्त वारा पडलेल्या, आरशासारख्या पाण्यावर. त्यांना आवाज सर्वांत मोठा येतो, पण चुकलेले मासेही त्यांनाच सर्वांत जास्त. नवशिक्याने त्यांपासून सुरुवात करू नये.

बघा, मासा काय खातोय? कोणी पाग (फेकायचं जाळं) टाकून बोई काढत असेल तर तिची लांबी विचारा. कोळंबीच वाहत असेल तर मोठा मिनो ठेवून द्या, कोळंबीच्या आकाराचं छोटं प्लास्टिक लावा, आणि ते न गुंडाळता नुसतं धारेबरोबर वाहू द्या.

जागा बदलणं

सगळ्यांत कष्टाचं, म्हणून शेवटी. तीन चांगल्या तिथ्यांना, वाहत्या पाण्यावर, एका जागी एकही आवाज आला नाही तर जागा सोडा. नवी जागा दिवसा, पूर्ण ओहोटीला बघून घ्या. खड्डे, खांब, दगड, लावलेल्या जाळ्यांचे खुंट तेव्हाच दिसतात. कोणाच्या वाण्या-बोकशीजवळ (लावून ठेवलेल्या जाळ्यांजवळ) लुअर टाकू नका. आपण हौसेला येतो, त्यांचं घर त्यावर चालतं. लुअर अडकलं म्हणून तिवराची (कांदळवनातल्या झाडाची) फांदीही तोडू नये. मालवणला जाणाऱ्यांनी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं सागरी अभयारण्य लक्षात ठेवावं. ते 1987 पासून आहे, आणि त्याच्या गाभ्यात गरवायचं नाही.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पावसाळ्यात थांबायचं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. काठावरून गरवणारा तिच्यात येत नाही, तरी याच दिवसांत जिताडा खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला येतो. हा मासा लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. तोंडाशी लागलेला मोठा मासा बहुधा अंड्यावरची मादी असते. तिला मारून पुढच्या वर्षी 'मासा आवाज देत नाही' म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

गाळात पाय गुडघ्याच्या वर गेला, वीज चमकली, किंवा खडकावर उभे असताना मागच्या वाटेवर पाणी आलं, तर गरवणं तिथेच संपलं. दोर कापा आणि निघा. महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी इथे मगरी आहेत. तिथे रात्री पाण्यात उतरायचं नाही, काठाशी वाकून मासा धरायचा नाही. खाडीबाहेर होडी अडकली तर इंजिन उघडत बसण्याआधी तटरक्षक दलाला 1554 वर कळवा.

रील फिरताना वाळू दळल्यासारखा आवाज येत असेल तर तेल ओतून तसंच वापरू नका. एकदा गोड्या पाण्याने बाहेरून धुऊन बघा, तरीही आवाज राहिला तर रील दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. मी एकदा घरी उघडलं होतं. एक बारीक स्प्रिंग उडाली ती सापडली नाही, आणि सबंध हंगाम गेला.

शिंगाळा माशाचा काटा लागला किंवा पाकट माशाने शेपटीचा काटा मारला, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो हात-पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. पाण्याचा अंदाज न दुखलेल्या हाताने घ्या, नाहीतर भाजेल. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा श्वास लागत असेल तर वाट न बघता डॉक्टर.

आणि गरी. खाडीवर निघण्याआधी पकडीने प्रत्येक गरीचं उलटं कुसळ दाबून ठेवा. दाबलेली गरी बोटातून आली तशी परत जाते, आणि मासे त्यामुळे जास्त सुटतात असं माझ्या पाहण्यात नाही. कुसळासकट रुतली असेल तर ओढू नका. लुअर तिच्यापासून कापून वेगळं करा, म्हणजे दुसरं टोक कुठे लागणार नाही, आणि दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शनही तिथेच होईल. डोळ्याजवळ, मानेला किंवा सांध्यात असेल तर मित्राच्या हातात पकड देऊच नका. गरी हलणार नाही अशी आहे तशी ठेवा, डोळ्यावर काहीही दाबू नका, कोणालातरी 108 लावायला सांगा आणि मदत येईपर्यंत त्या माणसाला बसवून ठेवा. बॅटरी तेव्हा लावा, अगदी मोठ्यात मोठी.